सर्व्हर मदरबोर्डवर डिस्क नेमकी कुठे लावायची: पोर्ट ओळखण्यापासून पहिल्या बूटपर्यंत

सांगलीला माझ्या मावसभावाचा फोटो स्टुडिओ आहे, आणि लग्नाच्या शूटिंगचा सगळा रॉ डेटा तो वर्षानुवर्षं सुट्या यूएसबी हार्डडिस्कवर ठेवायचा, बुटाच्या एका खोक्यात, प्रत्येक डिस्कवर मार्करने वधू-वराची आडनावं लिहून. तुळशीचं लग्न तोंडावर असताना त्यातली एक डिस्क टकटक वाजायला लागली आणि रात्री अकराला त्याचा फोन आला, "दादा, काहीतरी कर." तेव्हा आम्ही ठरवलं की आता एक वापरलेला सर्व्हर बोर्ड घ्यायचा आणि आठ डिस्कचं धड स्टोरेज बांधायचं. बोर्ड मिळाला सुपरमायक्रोचा एक्स१०एसआरएल-एफ. २०१४ साली इंटेलचे झिऑन ई५ व्ही३ प्रोसेसर आले त्या पिढीतला हा बोर्ड, दणकट आणि आजही अशा कामाला पुरून उरणारा. पॅकिंग फोडलं, बोर्ड टेबलावर ठेवला आणि भावाने पहिलाच प्रश्न विचारला, "सगळे सॅटाचेच पोर्ट आहेत ना, मग काहींवर आय-सॅटा आणि काहींवर एस-सॅटा असं का लिहिलंय?"

प्रश्न एकदम बरोबर जागी होता. सॅटा म्हणजे डिस्क जोडायचा नेहमीचा पोर्ट. साध्या घरगुती बोर्डवर असे चार असतात, कुठेही डिस्क लावा, चालते. सर्व्हर बोर्डवर मात्र एकसारखे दिसणारे दोन पोर्ट आतून वेगळ्याच चिपला जोडलेले असू शकतात, आणि एकाच आकाराच्या सॉकेटमधून एका बोर्डवर सॅटा येतं तर दुसऱ्यावर पीसीआय एक्सप्रेस, म्हणजे कार्डं आणि वेगवान डिस्क जोडायचा रस्ता. म्हणजे पोर्टचा आकार बघून अर्धीच माहिती मिळते, उरलेली अर्धी त्या पोर्टच्या मागे कोण बसलंय यात असते. खाली जे लिहितोय ते हे दोन्ही एकत्र कसं शोधायचं याबद्दल आहे, आणि ज्यांनी कधी सर्व्हर बोर्ड हातात घेतला नाही त्यांच्यासाठी आहे.

पहिली पायरी: केबल नंतर, आधी मॅन्युअल

बोर्डवर मॉडेल नंबर छापलेला असतो, बहुतेक वेळा पीसीआय स्लॉटच्या मधल्या जागेत. तो नीट उतरवून घ्या, शेवटच्या अक्षरासकट, कारण शेवटच्या एका अक्षराने स्टोरेजचं सगळं गणित बदलतं. सुपरमायक्रोच्याच एच११एसएसएल मालिकेचं उदाहरण घ्या, शेवटी आय असलेल्या बोर्डवर सॅटा आहे आणि शेवटी सी असलेल्यावर वेगळी सॅस (सर्व्हरच्या डिस्कसाठीचं सॅटाचं मोठं भावंड) चिप बसवलेली आहे, लांबून बघितलं तर दोन्ही जुळी भावंडं.

मग कंपनीच्या साइटवरून मॅन्युअलची पीडीएफ उतरवा आणि त्यात थेट ब्लॉक डायग्रामचं पान उघडा. चौकोन आणि रेषांचं हे चित्र नवीन माणूस घाबरून सोडून देतो, पण मला विचाराल तर अख्ख्या मॅन्युअलमध्ये सगळ्यात कामाचं पान तेच. सीपीयूचा चौकोन शोधा, चिपसेटचा (सीपीयू आणि पोर्टांच्या मधली मदतनीस चिप) चौकोन शोधा, आणि प्रत्येक स्टोरेज पोर्टची रेष कुठल्या चौकोनातून निघते ते बोटाने धरून बघा. मी ते पान प्रिंट काढून पोर्टांवर स्केचपेनने रंग मारतो, चिपसेटचे निळे, वेगळ्या कंट्रोलरचे (डिस्कशी बोलणारी चिप) हिरवे, थेट सीपीयूचे लाल. दहा मिनिटांचं काम आहे, आणि पुढे प्रत्येक पायरीला हा कागद लागणार आहे.

बोर्डवर पोर्टाशेजारी जी बारीक पांढरी अक्षरं छापलेली असतात ती मोबाइलचा टॉर्च तिरका धरून वाचा. सरळ उजेडात ती चमकतात आणि दिसत नाहीत.

दुसरी पायरी: साधं सॅटा, आणि त्याच्या मागे कोण

सात पिनांचा, एल आकाराची जीभ असलेला छोटा पोर्ट म्हणजे सॅटा, हा सगळ्यांना माहीत असतो. वेगाच्या तीन पिढ्या आहेत, १.५, ३ आणि ६ गिगाबिट. ६ गिगाबिटच्या पोर्टमधून प्रत्यक्षात जास्तीत जास्त ६०० मेगाबाइट दर सेकंदाला जाऊ शकतात कारण प्रत्येक ८ बिट डेटासाठी तारेवरून १० बिट पाठवले जातात, आणि सॅटा एसएसडी ५५०च्या आसपास पोचते. फिरणारी हार्डडिस्क मात्र २०० ते २५०च्या आसपासच असते. त्यामुळे जुन्या बोर्डवर ३ गिगाबिटचे पोर्ट दिसले तर नाक मुरडू नका, हार्डडिस्कला ते पुरतात, ६ गिगाबिटवाले एसएसडीसाठी राखून ठेवा.

पोर्टच्या रंगावर फार विश्वास ठेवू नका. रंगाचं कुठलंही सर्वमान्य स्टँडर्ड नाही, एका कंपनीच्या बोर्डवर पांढरा म्हणजे वेगवान असतो आणि दुसऱ्याच्या बोर्डवर त्याचा अर्थ वेगळाच. सुपरमायक्रोच्या बऱ्याच बोर्डांवर पिवळे किंवा केशरी दिसणारे दोन सॅटा पोर्ट असतात ते सॅटा डॉमसाठी. सॅटा डॉम म्हणजे अंगठ्याएवढी छोटी डिस्क, थेट पोर्टमध्ये उभी खोचायची, आणि या खास पोर्टमधूनच तिला पॉवर मिळते, वेगळी वायर लागत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम त्यावर टाकली की डिस्कसाठीचे खण सगळे डेटाला मोकळे राहतात. डॉम नसेल तर त्याच पोर्टला साधी सॅटा केबल लावून साधी डिस्क चालवता येते.

आता भावाच्या प्रश्नाचं उत्तर. एक्स१०एसआरएल-एफ वर इंटेलचा सी६१२ चिपसेट आहे आणि त्या एकाच चिपसेटच्या पोटात दोन वेगळे सॅटा कंट्रोलर आहेत, पहिल्याचे सहा पोर्ट ते आय-सॅटा, दुसऱ्याचे चार ते एस-सॅटा. बायॉसमध्येही (मशीन चालू होताना उघडता येणारी सेटिंगची स्क्रीन) दोघांचे मेन्यू वेगळे आहेत. रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून एकासारख्या वापरायची सोय. ती सॉफ्टवेअरने करणार असाल, म्हणजे झेडएफएस किंवा लिनक्सचं एमडी, तर दोन्हीकडच्या डिस्क एकत्र घेता येतात, काहीच अडचण नाही. पण चिपसेटचं स्वतःचं रेड वापरायचं असेल तर एक अ‍ॅरे दोन कंट्रोलरवर पसरवता येत नाही, म्हणजे आठ डिस्कचं एक रेड ५ या बोर्डच्या चिपसेटवर होणारच नाही, दहा पोर्ट डोळ्यासमोर दिसत असले तरी. आम्ही झेडएफएस घेतलं त्याचं एक कारण हे.

याच्या आधीच्या पिढीत अजून गुंता आहे. एक्स९एसआरएल-एफ वरही दहा पोर्ट आहेत, पण त्यातले दोन ६ गिगाबिटचे, चार ३ गिगाबिटचे, आणि उरलेले चार एससीयू नावाच्या वेगळ्या भागातून येणारे, तेही ३ गिगाबिटचेच. लिनक्समध्ये या एससीयूला आयएससीआय नावाचा वेगळा ड्रायव्हर लागतो, नेहमीच्या सॅटासाठीच्या एएचसीआय ड्रायव्हरने तिथल्या डिस्क दिसत नाहीत. जुना बोर्ड घेतलात आणि चार पोर्ट मेलेत असं वाटलं तर बोर्ड परत करायच्या आधी हे तपासा.

अजून एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. सी६१२ चिपसेट सीपीयूशी ज्या रस्त्याने बोलतो तो डीएमआय २.०, त्याची क्षमता साधारण २ गिगाबाइट दर सेकंद, आणि त्याच रस्त्यावरून यूएसबी वगैरे चिपसेटवरचं बाकीचं सगळंही जातं. दहा हार्डडिस्क एकदम पळाल्या तर हा रस्ता जेमतेम पुरतो, आणि दहा एसएसडी लावल्या तर निम्म्याहून जास्त ताकद वाया जाते. स्टुडिओच्या आठ हार्डडिस्कला हे चाललं, पण कोणी त्यावर एसएसडी भरायला निघालं तर मी हात धरून थांबवेन.

तिसरी पायरी: सॅस, आणि हे चार डिस्कचं एक सॉकेट

बोर्डवर किंवा कार्डवर रुंद, चपटं, धातूच्या चौकटीचं सॉकेट दिसलं तर ते बहुतेक मिनी सॅस. जुनं म्हणजे एसएफएफ-८०८७, साधारण बोटाच्या एका पेराएवढं रुंद, ३६ पिनांचं. नवीन म्हणजे एसएफएफ-८६४३, त्याला मिनी सॅस एचडी म्हणतात, ते आकाराने लहान आणि जास्त चौकोनी. दोन्हीमधून चार लेन येतात, म्हणजे एका सॉकेटवर थेट चार डिस्क. ८०८७ मुख्यतः ६ गिगाबिटच्या सॅसच्या काळातलं, ८६४३ १२ गिगाबिटच्या. बाहेरच्या खोक्यासाठी मागच्या पट्टीवर असतात ती ८०८८ आणि ८६४४, ती इथे सोडून देतो.

पण सॉकेट मिनी सॅस दिसलं म्हणून त्यातून सॅस येतंच असं धरू नका. बऱ्याच बोर्डांवर जागा वाचवायला चार सॅटा लेन एका मिनी सॅस सॉकेटमधून काढलेल्या असतात आणि मागे साधा सॅटा कंट्रोलरच असतो. इथे तुमचा रंगवलेला कागद बघा, रेष चिपसेटकडे गेली तर सॅटा, ब्रॉडकॉम किंवा एलएसआयच्या ३००८सारख्या चिपकडे गेली तर सॅस.

हा फरक महत्त्वाचा का, तर सॅस कंट्रोलरला सॅटा डिस्क चालते पण सॅटा कंट्रोलरला सॅस डिस्क चालत नाही. डिस्क हातात घेऊन मागची बाजू बघितली तर लगेच कळतं, सॅटा डिस्कला डेटाच्या छोट्या पट्टीत आणि पॉवरच्या लांब पट्टीत एक रिकामी फट असते, सॅस डिस्कला ती फट प्लास्टिकने भरलेली असते आणि उलट्या बाजूला अजून सात पिना असतात. त्या भरलेल्या फटीमुळेच साधी सॅटाची केबल सॅस डिस्कमध्ये घुसत नाही. बाजारात दोघांच्या मध्ये बसवायचे छोटे अ‍ॅडॉप्टर मिळतात, त्याने डिस्क केबलला बसेल पण सॅटा पोर्टवर चालू होणार नाही, ते पैसे वाचवा.

बोर्डवर सॅस नसेल आणि हवंच असेल तर एचबीए कार्ड, म्हणजे पीसीआय स्लॉटमध्ये बसणारं डिस्क जोडायचं कार्ड, घ्यायचं. जुन्यात ९२११-८आय, नंतरचं ९३००-८आय, दोन्हींवर आठ लेन. झेडएफएस किंवा ट्रूनॅस या स्टोरेज सिस्टिमसाठी कार्ड आयटी मोडच्या फर्मवेअरवर (कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर) हवं, म्हणजे ते रेडच्या भानगडीत न पडता डिस्क जशीच्या तशी पुढे देतं, विकणाऱ्याला हे आधीच विचारून घ्या. ही कार्डं सर्व्हरच्या जोरदार हवेसाठी बनवलेली असतात, त्यामुळे साध्या कॅबिनेटमध्ये त्यांच्या हीटसिंकवर एक छोटा पंखा लावाच.

वापरलेल्या सॅस डिस्क स्वस्त मिळतात म्हणून घेत असाल तर एक गोष्ट. मोठ्या स्टोरेज मशीनमधून निघालेल्या बऱ्याच डिस्क ५२० बाइटच्या सेक्टरवर (डिस्कवरचा सगळ्यात छोटा कप्पा) फॉरमॅट केलेल्या असतात, कंट्रोलरला त्या दिसतात पण लिनक्स त्यांच्यावर काही करू देत नाही. एसजी फॉरमॅट नावाच्या टूलने त्या ५१२वर आणाव्या लागतात, एकेका डिस्कला कित्येक तास लागतात आणि मध्ये लाइट जाऊन चालत नाही, तेव्हा यूपीएसवरच करा.

चौथी पायरी: केबलची दिशा

इथे आमचे दोन दिवस गेले म्हणून जरा सविस्तर सांगतो.

स्टुडिओसाठी घेतलेल्या कॅबिनेटमध्ये पुढे आठ खण होते आणि खणांच्या मागे बॅकप्लेन, म्हणजे ज्यात डिस्क सरकवली की थेट बसते अशी उभी पाटी. त्या पाटीच्या मागे दोन ८०८७ सॉकेट. बोर्डवर तर सगळे सुटे सॅटा पोर्ट. तर लागणार होती अशी केबल की जिच्या एका टोकाला चार सॅटा आणि दुसऱ्या टोकाला ८०८७. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून मी तशा दोन मागवल्या, आल्या, दिसायला अगदी बरोबर, बसल्याही नीट, ८०८७चा खटका टक्क करून बसला. मशीन चालू केलं, डिस्क फिरायला लागल्या, हाताला थरथर जाणवत होती, आणि बायॉसमध्ये एकही डिस्क नाही. पोर्ट बदलले, डिस्क बदलल्या, बायॉस रीसेट केला, रात्री दोन वाजले. भाऊ म्हणाला, बोर्डच खराब निघाला का रे दादा.

बोर्ड ठणठणीत होता. या केबल दोन जातींच्या असतात आणि बाहेरून हुबेहूब सारख्या दिसतात. कंट्रोलरच्या बाजूला ८०८७ आणि डिस्कच्या बाजूला चार सॅटा असेल तर लागते फॉरवर्ड ब्रेकआउट. कंट्रोलरच्या बाजूला चार सॅटा आणि बॅकप्लेनच्या बाजूला ८०८७ असेल तर लागते रिव्हर्स ब्रेकआउट. पाठवायच्या आणि घ्यायच्या तारा आतमध्ये वेगळ्या पिनांवर नेलेल्या असतात, त्यामुळे चुकीची जात लावली की बोर्ड ओरडतो आणि डिस्कही ओरडते पण ऐकायच्या तारेला कोणीच नाही. काही जळत नाही, फक्त काहीच दिसत नाही. मी दुकानात नुसतं "आठ शून्य आठ सात टू फोर सॅटा" एवढंच सांगितलं होतं, त्यांनी नेहमी खपणारी फॉरवर्ड दिली. रिव्हर्स आली तेव्हा आठही डिस्क पहिल्या झटक्यात दिसल्या. केबल मागवताना कंट्रोलर कुठल्या टोकाला आहे ते वाक्यात सांगा, नुसते आकडे सांगू नका.

बॅकप्लेनचीही जात बघा. सुपरमायक्रोच्या बॅकप्लेनच्या नावात शेवटी टीक्यू असेल तर प्रत्येक खणाला वेगळा सॅटासारखा पोर्ट असतो, ए असेल तर चार खणांना एक मिनी सॅस, आणि ईएल१ किंवा ईएल२ असेल तर त्यावर एक्सपांडर चिप आहे, म्हणजे एका केबलवर चोवीस डिस्क वगैरे. एक्सपांडर असलेली पाटी मदरबोर्डच्या सॅटा पोर्टवर चालतच नाही, कुठलीही केबल आणा, सॅटा कंट्रोलरला एक्सपांडरची भाषाच येत नाही. तिथे सॅस एचबीए लागणारच. वापरलेलं कॅबिनेट घेताना मी हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतो.

केबलची लांबी सॅटासाठी एक मीटरच्या आत ठेवायची, आणि सॅस कार्डावर सॅटा डिस्क लावली तरी हाच नियम. आणि ८०८७ काढताना आधी खटका पूर्ण दाबा, मग डोकं धरून सरळ ओढा. केबल धरून हिसका मारला की सॉकेटची चौकट बोर्डवरून उचकटते, आणि ती परत बसवणारा कारागीर सहज मिळत नाही.

पाचवी पायरी: एम.२

च्युइंगगमच्या पट्टीएवढी डिस्क आडवी बसते तो एम.२ स्लॉट. एक्स१० पिढीच्या आमच्या बोर्डवर तो नाही, नंतरच्या बहुतेक बोर्डांवर एक-दोन तरी असतात. लांबीचे आकडे सोपे आहेत, २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब, २२११० म्हणजे ११० लांब. सर्व्हरसाठीच्या बऱ्याच एम.२ डिस्क २२११० असतात, कारण लाइट गेल्यावर हातातला डेटा लिहून काढायला लागणारे कपॅसिटर त्यावर बसवायचे असतात. बोर्डवर ११० मिलिमीटरवर स्क्रूचं भोक आहे का ते विकत घ्यायच्या आधी बघा.

एम.२ हे फक्त स्लॉटचं नाव आहे. त्यातून सॅटा येऊ शकतं, पीसीआय एक्सप्रेस, म्हणजे त्यावरून चालणाऱ्या एनव्हीएमई डिस्कसाठीचा रस्ता, येऊ शकतं, किंवा दोन्ही. डिस्कच्या सोनेरी कडेला दोन खाचा असतील तर ती बहुतेक सॅटाची, एकच खाच म्हणजे एम की असेल तर बहुतेक एनव्हीएमई, पण खाचेवरून शंभर टक्के ठरवू नका, मॅन्युअलमध्ये त्या स्लॉटसमोर काय लिहिलंय ते वाचा. तिथेच बारीक अक्षरात असंही लिहिलेलं सापडेल की या स्लॉटमध्ये सॅटा डिस्क लावली तर अमुक नंबरचा सॅटा पोर्ट बंद होतो. लेन एकच, वाटेकरी दोन.

लावताना डिस्क तिरकी धरून सरकवा, मग दाबून आडवी करा आणि स्क्रू लावा. चालू मशीनमध्ये एम.२ काढा-घालायची नसते, त्यामुळे जी डिस्क खराब झाली तर धंदा न थांबवता बदलावी लागेल ती मी एम.२वर ठेवत नाही, फक्त बूटसाठी वापरतो.

ज्यांच्या बोर्डवर एम.२ नाही त्यांना पीसीआय स्लॉटमध्ये कार्ड टाकून एनव्हीएमई घेता येते. चार एम.२चं साधं कार्ड असेल तर बायॉसमध्ये त्या एक्स१६ स्लॉटचे चार-चार लेनचे चार तुकडे करायची सोय लागते, तिला बायफर्केशन म्हणतात. ती सोय नसेल तर चारातली एकच डिस्क दिसेल.

सहावी पायरी: यू.२ आणि नवीन बारीक सॉकेट

एनव्हीएमईची पहिली आवृत्ती २०११ची, आणि सर्व्हरमध्ये ती अडीच इंची डिस्कच्या रूपात आली तिला यू.२ म्हणतात. मागचा कनेक्टर सॅससारखाच दिसतो पण पिना खूप जास्त, एकूण ६८. ही डिस्क चार पीसीआय लेन घेते, म्हणजे पीसीआय ३.०वर साधारण ३.९ गिगाबाइट दर सेकंद आणि ४.०वर त्याच्या दुप्पट. यू.३ म्हणून पुढची एक जात आहे. यू.३ डिस्क यू.२च्या खणात चालते, उलटं मात्र धरून चालू नका, फक्त यू.३साठी असलेल्या बॅकप्लेनवर यू.२ डिस्क चालत नाही.

बोर्डवर यू.२ डिस्क थेट लावायचा पोर्ट क्वचितच असतो, मधे केबल असते आणि बोर्डकडचं टोक तीन-चार प्रकारचं. ऑक्युलिंक, एसएफएफ-८६११, बोटाच्या नखाएवढं, चार लेन. स्लिमसॅस, एसएफएफ-८६५४, चार लेनचं ४आय आणि आठ लेनचं ८आय. आणि पीसीआय ५.०च्या बोर्डांवर एमसीआयओ, तेही चार आणि आठ लेनमध्ये. शिवाय आपलं ८६४३सुद्धा काही बोर्डांवर एनव्हीएमईसाठी वापरलेलं असतं. यातच सगळ्यात महाग पडणारी चूक होते, ९३००-८आय कार्डावर ८६४३ सॉकेट आहे, यू.२च्या केबलला ८६४३चं टोक आहे, दोन्ही एकमेकांत छान बसतात, आणि डिस्क दिसत नाही, कारण ते कार्ड फक्त सॅस आणि सॅटा बोलतं. ९४०० मालिकेपासूनची ट्राय-मोड कार्डं एनव्हीएमईही बोलतात.

एएमडीच्या एपिक बोर्डांवर ही गोष्ट अजून मोकळी आहे. तिथे चिपसेट हा प्रकारच नाही, सॅटा आणि पीसीआय दोन्ही थेट सीपीयूच्या त्याच लेनमधून निघतात, त्यामुळे एकच स्लिमसॅस ८आय सॉकेट बायॉसमध्ये बदलून आठ सॅटा डिस्कसाठी किंवा दोन यू.२साठी वापरता येतं, बोर्डने ती सोय दिली असेल तर. पण केबल दोघांची वेगळी, आणि बायॉसमधलं सेटिंग हाताने बदलावं लागतं. अ‍ॅसरॉक रॅकच्या आरओएमईडी८-२टी बोर्डवर तर एका पीसीआय स्लॉटच्या लेन एम.२, ऑक्युलिंक आणि मिनी सॅस एचडीमध्ये वाटलेल्या आहेत आणि कोणाला द्यायच्या ते बोर्डवरच्या जंपरने (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) ठरतं. तिथे नवीन डिस्क दिसेना झाली तर आधी जंपर बघायचे.

या केबल शक्य तेवढ्या आखूड घ्या, अर्धा मीटर पुरत असेल तर एक मीटरची घेऊ नका. पीसीआयचा सिग्नल लांब तारेत दमतो आणि मग डिस्क दिसते पण मधूनच गायब होते, आणि हा दोष शोधणं फार त्रासाचं आहे.

सातवी पायरी: पॉवर

मॉलेक्समधून, म्हणजे चार जाड पिनांच्या जुन्या पॉवर कनेक्टरमधून, सॅटा पॉवर काढायचे स्वस्त अ‍ॅडॉप्टर मिळतात, त्यातले ज्यांचं डोकं प्लास्टिक ओतून बंद केलेलं असतं ते वापरू नका, आत तारा एकमेकांना चिकटून जळाल्याची उदाहरणं बरीच आहेत. ज्यात तारा वरून दाबून बसवलेल्या दिसतात ते घ्या.

आणि यूएसबी खोक्यातून डिस्क काढून लावत असाल, जे आम्ही त्या बुटाच्या खोक्यातल्या दोन डिस्कचं केलं, तर ती फिरायलाच नकार देऊ शकते. नव्या सॅटा स्टँडर्डमध्ये पॉवरच्या तिसऱ्या पिनेला डिस्क बंद ठेवायचं काम दिलंय, आणि जुन्या पॉवर सप्लायमधून त्या पिनेवर ३.३ व्होल्ट सतत येत असतात, म्हणून डिस्क कायम बंद. तिसऱ्या पिनेवर कॅप्टॉन टेपची (वीज न जाऊ देणारी पातळ टेप) बारीक पट्टी लावली की झालं. आम्ही चिमट्याने लावली, भावाने भिंग धरलं होतं. डिस्क मेली समजून फेकण्याआधी एवढं करून बघा.

आठवी पायरी: एकेक डिस्क लावा, एकेक तपासा

सगळ्या डिस्क एकदम लावू नका. आधी बायॉसमध्ये जाऊन सॅटाचा मोड एएचसीआयवर आहे का बघा, बॅकप्लेनचे खण चालू मशीनमध्ये काढायचे असतील तर त्या त्या पोर्टचं हॉट प्लग चालू करा, आणि आमच्यासारखे दोन कंट्रोलर असतील तर दोन्ही मेन्यूंमध्ये करा. मग पहिल्या खणात एक डिस्क, बूट, लिनक्समध्ये एलएसबीएलके कमांडने ती दिसते का बघा, मग पुढची.

प्रत्येक डिस्कवर स्मार्टसीटीएल ही डिस्कची तब्येत दाखवणारी कमांड चालवा. त्यात सॅटाच्या ओळीत डिस्कचा कमाल वेग आणि आत्ताचा वेग दोन्ही लिहिलेले असतात, ६ची डिस्क ६च्या पोर्टवर असून आत्ताचा वेग ३ किंवा १.५ दाखवत असेल तर केबल बदला. १९९ नंबरचा सीआरसी एररचा (तारेवरून जाताना बिघडलेल्या डेटाचा) आकडाही लिहून ठेवा, तो आकडा कधी खाली येत नाही पण आठवड्याने वाढलेला दिसला तर दोष सहसा डिस्कचा नसून केबलचा किंवा तिच्या बसण्याचा असतो. आमच्या चौथ्या खणाचा तो आकडा रोज दहा-वीसने वाढत होता, सॅटाचं टोक काढून परत बसवलं आणि तो जागच्या जागी थांबला. एनव्हीएमई असेल तर एलएसपीसीआय कमांडच्या सविस्तर आउटपुटमध्ये लिंक स्टेटसची ओळ बघा, तिथे एक्स४ दिसायला हवं, एक्स२ दिसलं तर लेन कुठेतरी वाटल्या गेल्यात किंवा केबल नीट बसलेली नाही.

बॅकप्लेनचे दिवे चालत नसतील तर घाबरू नका, डेटा त्यांच्यावर अवलंबून नाही. त्यांच्यासाठी ब्रेकआउट केबलला एक वेगळी बारीक वायर असते ती बोर्डवरच्या एसजीपीआयओ लिहिलेल्या पिनांवर लावायची असते.

शेवटी नावांचं. लिनक्स डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावं देतं ती बूट बदलला की बदलू शकतात, त्यामुळे खराब डिस्क ओळखायची ती सिरियल नंबरवरून. आम्ही आठही ट्रेच्या तोंडावर सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे चिकटवले, आणि कॅबिनेटच्या झाकणाच्या आतून एक कागद लावला, खण १ म्हणजे आय-सॅटा ०, खण २ म्हणजे आय-सॅटा १, असं करत खण ७ आणि ८ म्हणजे एस-सॅटा ० आणि १, शेजारी केबलची जात रिव्हर्स, आणि कुठल्या डिस्कला टेप लावलीय ते. लग्नसराईत एका दुपारी भावाचा फोन आला की एक डिस्क एरर दाखवतेय आणि शेवटचे आकडे हे हे आहेत, मी पुण्यात होतो, त्याने ट्रेवरचा नंबर जुळवला, पाचवा खण ओढला, नवीन डिस्क सरकवली आणि परत हळदीच्या शूटला गेला.